डावीकडचं स्टिअरिंग

जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या गॅरेजवाल्यांनी कुणाला सरळ ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नकार द्यायचा असला की ते दातांतून हवा आत ओढतात, टोपी मागे सारतात आणि विषय हवामानाकडे नेतात.

कोरियातून स्वस्तात गाडी मागवायचं मी ठरवलं. आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी भरायची होती. जहाज, कर, तपासणी अशी सगळी यादी मी त्यांना दाखवली. ती त्यांनी दोनदा वाचली, हवा ओढली.

“यादी उत्तम आहे, ओकुसान,” ते म्हणाले. इथे वहिनींना असंच म्हणतात. मग त्यांनी मला स्वतःच्या जुन्या, कोरियन गाड्यांसारख्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसवलं आणि ती स्टेशनच्या पार्किंगपर्यंत चालवायला लावली.

तिकिटाचं मशीन उजवीकडे होतं, अगदी त्यांच्या खिडकीशी. ते मात्र हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. मागे चार गाड्या थांबल्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही, ते जास्तच लागलं. शेवटी मी उतरले, वळसा घालून तिकीट घेतलं, चारही गाड्यांना वाकून नमस्कार केला.

“ऑफिसला रोज एकट्याच जाता ना?” त्यांनी अदबीनं विचारलं.

संध्याकाळी मी कोरियाला नकार कळवला. ते मात्र सगळ्यांना सांगतात, बाईंनी स्वतःच विचार करून ठरवलं.