वाट्यानं दिलेलं मोबाइलमधलं शेत

मंद्रूपच्या दाक्षायणीचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही. माहेरची जमीन भावांकडे राहिली, आणि सासरी सोलापुरात होतं किराणा दुकान. साठी उलटल्यावर मात्र मोबाइलच्या खेळात तिला शेत मिळालं. फाटकावर पाटी, ‘दाक्षायणीचं शेत’. ती पाटी बघण्यात चुलीवरचं दूध कधी उतू गेलं, तिला कळलंही नाही.

खेळात शेजारचं शेत अकलूजच्या बजाबाईचं. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ही पेरायची, ती पाणी सोडायची. तोंडानं बोललं की मोबाइलवर अक्षरं उमटायची, मग काय, सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून व्हायचं. नवरा गेल्यापासून दाक्षायणी कुणाशी एवढं बोलली नव्हती.

मग डोळ्याचं ऑपरेशन तडकाफडकी ठरलं, बजाबाईला सांगायचंही राहून गेलं. डॉक्टरांनी महिनाभर मोबाइल बंद सांगितला. आता शेत कोण बघणार? गावाकडची रीत तिला ठाऊक होती. तिनं घराशेजारच्या धनलक्ष्मीला शेत वाट्यानं दिलं. धनलक्ष्मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसात कामाला.

“निम्मं पीक तुझं. पण वांगी तुडवू नगंस, धने.”

“मोबाइलमधली वांगी कोण तुडवतंय, काकू!”

महिना सरला, मोबाइल हातात आला, तर शेताला कुलूप. दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडलं म्हणून कंपनीनं खातंच बंद केलं होतं. धनलक्ष्मीनं विनवणी लिहून पाठवली, तिकडून नकार आला. तेव्हा तिनं खेळाचा करार काढून वाचला आणि तिचा चेहराच पडला.

“काकू, ह्यात लिहिलंय, शेत, गुरं, नाणी, काय बी आपलं न्हाय. नुसती खेळायची परवानगी. ती बी दुसऱ्याला द्यायची न्हाय.”

“मग पाटीवर माझं नाव कशाला?”

“पाटी बी त्यांचीच की. तुमी ‘मान्य’वर बोट दाबलं व्हतं.”

“लगीन बी असंच न वाचता मान्य केलं व्हतं. पण तितं निदान जेवण तरी व्हतं.”

धनलक्ष्मी रडकुंडीला आली. “माझ्यामुळं गेलं हो सगळं.”

“शेत जाऊ दे गं. माझी बजाबाई कुटं शोधू? तिचा नंबर बी न्हाय माझ्यापाशी.”

धनलक्ष्मीनं डोळे पुसले, दाक्षायणीचं नवं खातं काढलं, बजाबाईला हुडकून निरोप धाडला. फटकन उत्तर आलं, “दाक्षायणीच्या नावानं कोण बी येईल. खरी असशील तर सांग, माझी म्हैस कशी हाय?”

“तुझी कुटं? सुनेच्या माहेरची हाय. दूध काढताना लाथ मारती, अन् तू दिवसभर शिव्या देतीस.”

“कुणाला?”

“दोघींना बी!”

पलीकडून थेट फोन नंबरच आला. लावला, तर कानात आवाज घुमला, “अगं बये, मला वाटलं गेलीस तू! रोज तुझ्या फाटकापाशी येऊन बघत हुते.”

“डोळा उघडून घेतला गं,” दाक्षायणी म्हणाली, आणि तोच डोळा पदरानं टिपायला लागली. “त्या कंपनीचं बी भलं होवो. तिच्या बांधावर तू भेटलीस. अन् ही धनी नसती तर आज परत घावली नसतीस. थांब, हिच्याशी बोल.”

धनलक्ष्मी लाजून दोनच शब्द बोलली. मग त्या दोघींचं जे सुरू झालं, ते फोन तापला तरी थांबेना. शेवटी धनलक्ष्मीनंच चहा ठेवला. दाक्षायणीनं बोलता बोलता तिला हातानं खुणावलं, आलं जरा जास्त घाल.