झुलहुमोर आणि गुरुवारची माणसं

झुलहुमोर माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा तिनं आधी भिंतीकडे पाहिलं. भाडं, पाणी, चूल, कशाचीच चौकशी केली नाही. ओल येऊन गिलावा फुगला होता, त्यावर तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "उस्ता बघतील." उस्ता म्हणजे तिचा नवरा एर्गाश. गिलाव्याचा आणि छतावरच्या नक्षीचा कारागीर. कुठल्याही कारागिराला आम्ही उस्ताच म्हणतो, पण ती त्या शब्दाआड नवऱ्याचं नाव लपवायची. मर्गिलान या त्यांच्या गावाकडच्या बायका अजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पुढे तिच्यावर जी वेळ आली, तेव्हाही तिनं ते तोंडातून काढलं नाही.

त्यांना मूल नव्हतं. सासू दोन वर्षांपूर्वी गेली होती. मर्गिलानमध्ये एका मशिदीचं छत एर्गाशनं रंगवून दिलं होतं. तिथल्या इमामाला पोलिसांनी पकडलं, मग नमाजाला येणाऱ्यांना पकडलं, मग दुरुस्तीला हातभार लावणाऱ्यांची नावं काढली. एर्गाशचा मदतनीस आत गेला आणि महिन्यानं त्याचं प्रेतच घरी आलं. दफन होईपर्यंत पोलीस दारात उभे होते, कोणी कफन बाजूला करून पाहू नये म्हणून. त्याच आठवड्यात ही दोघं घराला कुलूप लावून सीमेपलीकडे इकडे अल्माटीला आली. निर्वासितांच्या कार्यालयानं चौकशी करून दोघांना एकेक कागद दिला. हा माणूस आमच्या संरक्षणात आहे, याला परत पाठवू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते कागद झुलहुमोरनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रजयांच्या चळतीत मधोमध ठेवले.

रजया हाच तिचा धंदा. आमच्याकडे लग्नात मुलीला बसायच्या गाद्या आणि रजया द्याव्या लागतात, त्या ती शिवायची. अंगणात चादर पसरून दोन काठ्यांनी कापूस झोडायची, तेव्हा तिच्या भुवयांपर्यंत पांढरं व्हायचं. बोलायची कमी. कोणी आलं की चहा ठेवायची, पेला अर्धाच भरून द्यायची आणि पुन्हा पुन्हा भरायची, आणि त्यातच तिचं बोलणं व्हायचं. बाजारात माझ्या मागे मागे चालायची. इथली भाषा तिला समजायची पण बोलायची भीती वाटायची.

तिचं घर खरं भरायचं ते गुरुवारी.

फरगाण्याच्या खोऱ्यातली माणसं कुठंही गेली तरी गाप सुटत नाही. आठ-दहा सोबती ठरवून पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतात, पुलाव खातात आणि मध्यरात्रीपर्यंत बोलत बसतात. त्यांच्यातला एक प्रमुख निवडलेला असतो. कोणी उशिरा आला, कोणी मधेच बोलला, की प्रमुख दंड लावतो. दर वेळी थोडे पैसे एका पिशवीत पडतात. कोणाच्या घरी आजारपण, बाळंतपण, मयत, की पिशवी तिकडे जाते. माझे यजमान होते तोवर आमच्याकडेही हेच चालायचं. ज्या पुरुषाला गाप नाही त्याला आमच्यात मुलगीसुद्धा द्यायला कचरतात.

इथं पळून आलेल्या नऊ जणांची गाप होती. पहिल्याच वर्षी त्यांनी एर्गाशला प्रमुख केलं. सगळ्यांत वडील होते तुर्दाली, साठीचे, छातीनं अधू. ते म्हणाले होते, "उस्ताला करा. हा कमी खातो, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं मोजणार नाही." यावर सगळे इतके हसले की मला माझ्या खोलीत ऐकू आलं. गुरुवारी माझं अंगण जोड्यांनी भरून जायचं. तुर्दालींची बायको शराफत सकाळपासून येऊन गाजरं चिरायला बसायची आणि झुलहुमोरच्या चिरण्याला नावं ठेवायची. "अगं, ही गाजरं की काटक्या? मर्गिलानला सरपण असं कापतात का?" झुलहुमोर खाली मान घालून हसायची. शराफतला ती वहिनी म्हणायची आणि धाकट्या जावेसारखी तिच्या हाताखाली राबायची.

जून महिन्यात एका सकाळी पोलीस आले. झुलहुमोर कापूस झोडत होती. एर्गाश कामावर निघाला होता, हातात डब्याचं गाठोडं होतं. त्यांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. मग सवयीनं त्यानं आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, आत या, चहा घ्या. एक तरुण शिपाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. त्याच सकाळी नऊच्या नऊ जणांना उचललं. पलीकडच्या सरकारनं त्यांना परत मागितलं होतं, गुन्हेगार म्हणून.

पहिले काही महिने बायका एकमेकींना धरून होत्या. तुरुंगाच्या फाटकाशी एकत्र जायच्या. रोट्या, साखर, मोजे, गोळ्या आत द्यायच्या. पहारेकरी रोट्या सुरीनं आडव्या कापून बघायचे. झुलहुमोर मग घरूनच कापून न्यायला लागली. म्हणाली, परक्याच्या सुरीनं कापलेली रोटी त्यांनी का खावी.

शरद ऋतूत निर्वासितांच्या कार्यालयाची माणसं तुरुंगात गेली. प्रत्येकाची नव्यानं तपासणी करायची होती. नऊ जणांच्या वकीलबाई गुलशात म्हणाल्या की हे चांगलंच आहे, संरक्षण कायम राहिलं तर परत पाठवणं अवघड. झुलहुमोरला बरं वाटलं. उस्ता खोटं बोलत नाहीत, ती म्हणाली, त्यांना जे विचारतील ते नीट सांगतील.

एर्गाशनं नीटच सांगितलं. इथं कोणाशी संबंध होता, असं विचारल्यावर त्यानं आपल्या गापबद्दल सांगितलं. चांगला माणूस आहे हे सिद्ध करायचं, तर आमच्याकडे माणूस हेच सांगणार. दर गुरुवारी जमतो, प्रमुख मी, पैशांची पिशवी अमुककडे. आणि मग त्यानं सगळ्यांची नावं घेतली, तुर्दालींपासून वयाच्या क्रमानं, बसायच्या जागांसकट. एकाचं जरी नाव गाळलं असतं तर ते त्याच्या ताटात थुंकल्यासारखं झालं असतं.

जानेवारीत उत्तरं आली. नऊही जणांचं संरक्षण काढून घेतलं होतं. गुलशातबाई माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. त्या लोकांच्या लिहिण्यात गापची संघटना झाली होती. ठरलेल्या दिवशी बैठका, निवडलेला प्रमुख, शिस्त, निधी. पलीकडच्या सरकारनं जो आरोप ठेवला होता त्याला यानं आपल्या तोंडानं पुष्टी दिली, असा त्याचा अर्थ लावला गेला.

झुलहुमोर चहाची किटली हातात धरून उभी होती. तिनं विचारलं, "मग त्यांनी काय सांगायला हवं होतं?"

"की मी एकटा राहतो. कामावर जातो, घरी येतो. कोणाला ओळखत नाही."

"बाई, असं चोर सांगतो," झुलहुमोर म्हणाली.

गुलशातबाईंनी कागद गोळा करून पिशवीत भरले.

एर्गाशनं नावं घेतली ही गोष्ट बायकांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपेला फाटकाशी झुलहुमोर रांगेत उभी राहिली, तर पुढच्या दोघी पुढे सरकल्या आणि मागच्या मागे थांबल्या. तिच्याभोवती रिकामी जागा पडली. शराफत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचे घरी फार बोलायचे नाहीत. बरं झालं, कोणाचे तरी बोलके निघाले." झुलहुमोरनं सलाम केला. उत्तर आलं नाही. आमच्यात सलामाला उत्तर न देणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर माझ्या अंगणात कोणी आलं नाही. गिऱ्हाइकंही तुटली, कारण रजया सांगणाऱ्या बहुतेक त्या बायकांच्याच ओळखीतल्या. झुलहुमोर सकाळी उठायची, अंगण झाडायची, मग पुन्हा झाडायची. गुरुवारी ती काही शिजवायचीच नाही. माझ्याकडे जेवायला ये म्हटलं तर यायची, दोन घास खायची आणि भांडी घासून जायची. मी एकदा म्हटलं, राग येत नाही का तुला त्यांचा? ती म्हणाली, "कोणाकोणाचा करू, आपा? त्यांच्या नवऱ्यांना माझ्याच माणसानं बुडवलं. आतल्यापेक्षा मला हे बाहेरचंच जड झालंय." मग भांडी उचलता उचलता, "निदान आत ते नऊ जण एकत्र असतील."

ते एकत्र नव्हते. त्यांना वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलं होतं. मला गुलशातबाईंनी सांगितलं होतं. मी तिला सांगितलं नाही.

मार्चमध्ये, परत पाठवण्याच्या हुकमाविरुद्धचं अपील सुनावणीला येण्याआधी, शराफत आली. दोन हातांवर रुमालात बांधलेल्या रोट्या होत्या. झुलहुमोर इतकी घाईनं उठली की पायात चपला उलट्या घातल्या. वरच्या, मानाच्या जागी नवी गादी अंथरली, खडीसाखर काढली. शराफतनं पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"यांची छाती फार वाईट झालीय," ती म्हणाली. "तिकडे नेलं तर रस्त्यातच जातील."

झुलहुमोरनं रोट्यांचा रुमाल सोडला.

"वकीलबाई म्हणतात, प्रत्येकानं स्वतःपुरतं सांगितलं तर बरं. म्हणजे आम्ही फक्त जेवायला जात होतो, असं." शराफतचा आवाज खाली आला. "पण ते कोर्टानं मानायचं तर प्रमुखानंही तसंच सांगायला हवं. की जमवलं मी, ठरवलं मी. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. उस्तानं एवढं म्हटलं तर... अगं, त्याचं तर तसंही झालंच आहे."

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, असं मला वाटलं. तोंडातून गेलं. झुलहुमोरनं तिचा पेला उचलला, गार झालेला चहा अंगणात ओतला आणि नवा भरून दिला. "पुढच्या भेटीत सांगते, वहिनी," ती म्हणाली.

शराफत गेल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, सांगू नकोस. तो असं बोलला तर तो सुटून घरी येत नाही, हे तुला कळतंय ना? ती रोट्यांचा रुमाल घडी करत होती. रुमाल रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यात काय बांधावं याचा विचार करत होती. शेवटी तिनं उशीचा एक अभ्रा बांधला, नवा, तिचा स्वतःचा.

भेटीला मी तिच्याबरोबर गेले, पण आत तिला एकटीलाच सोडलं. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. बसमध्ये बसल्यावर हळूहळू सांगू लागली. काचेच्या पलीकडे ते बारीक झालेत. दाढी काढलीय. मी निरोप सांगितला. मग म्हणाले, "हे मला आधीच सुचायला हवं होतं. प्रमुख कशाला करतात मग?" आणि हसले. मग विचारलं, भिंतीला पुन्हा ओल आलीय का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, पाऊस झाल्यावर बघ, खालून दोन विती.

"एवढंच?" मी विचारलं.

"मी म्हटलं, नका सांगू." ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "आधी निरोप दिला, मग म्हटलं नका सांगू. ते म्हणाले, आता तू निरोप दिलास ना."

एर्गाशनं कोर्टात तसंच सांगितलं. त्याच्या सांगण्यामुळे की डॉक्टरांच्या कागदामुळे, कोण जाणे, पण तुर्दालींना वगळलं आणि काही आठवड्यांनी ते शराफतबरोबर कुठल्याशा थंड, लांबच्या देशात गेले. जाताना शराफत भेटायला आली नाही. येऊन तरी काय बोलली असती. बाकीच्यांचं अपील फेटाळलं.

कोणालाही कधी नेणार ते सांगितलं नाही. जूनमध्ये एका सकाळी झुलहुमोर नेहमीसारखी फाटकाशी गेली. पहारेकऱ्यानं गाठोडं खिडकीतून परत सरकवलं आणि म्हणाला, हा इथं नाही. कुठं आहे? तो म्हणाला, पुढची. मागच्या बाईनं गाठोडं पुढे केलं, तेही परत आलं. अशी आठही गाठोडी परत आली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. झुलहुमोर बाजूला उभी होती. तिला कोणी जवळ घेतलं नाही, आणि ती कोणाजवळ गेली नाही.

तिचा स्वतःचा कागद अजून चालू होता. कार्यालयानं तो काढून घेतला नव्हता. गुलशातबाईंनी सांगितलं की तिलाही शराफतसारखं बाहेरच्या देशात जाता येईल, एकटी बाई आहे, लवकर होईल. झुलहुमोर दोन दिवस रजया उन्हात घालत, काढत राहिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, आपा, माझ्याबरोबर कार्यालयात येता?

खिडकीमागच्या मुलीसमोर तिनं प्लास्टिकची पिशवी ठेवली. कागद परत द्यायचाय म्हणाली. मुलीला कळेना. असं कोणी कागद परत देत नाही, तिनं सांगितलं. तो घेण्याची आमच्याकडे पद्धतच नाही. मग झुलहुमोरनं पहिल्यांदाच इथल्या भाषेत मोठ्यानं, लोकांसमोर बोलून दाखवलं. "मी परत चाललेय. सीमेवर माझ्याजवळ हा सापडला तर मला त्यांच्यापर्यंत जाऊ देणार नाहीत. तिकडच्या तुरुंगात जेवण घरून पुरवावं लागतं. त्यांना द्यायला तिथं कोणी नाही."

मुलगी उठून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. झुलहुमोरनं पिशवी खिडकीच्या फळीवर नीट सरळ करून ठेवली आणि निघाली.

बसस्थानकावर मी तिला पुन्हा समजावलं. म्हटलं, अगं, तुलाही सीमेवरच धरतील. छत रंगवणाऱ्याची बायको म्हणून तुझंही नाव असेल तिथं.

तिच्याकडे एकच पिशवी होती, आणि दोरीनं बांधलेली एक जाड रजई, पुरुषाच्या मापाची. ती रजई मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. काच अर्धी उघडी होती.

"धरलं तर बरंच, आपा," ती म्हणाली. "धरणाऱ्याला विचारता तरी येईल, त्यांना कुठं ठेवलंय ते."

बस भरली नव्हती. तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि ड्रायव्हरनं दार लावून घेतलं.