वायर धरा जरा

आज दामूकाकांची पेडलवाली मोपेड नेमकी माझ्या फाटकासमोर बंद पडली. नजर अधू झाल्यापासून त्यांनी गॅरेज सोडलंय. काढलेला प्लग उन्हात धरून ते उगाच निरखत होते. मी पान्हा घेऊन गेले. प्लग काजळीनं भरला होता आणि त्याच्या वायरचं रबर तडकलं होतं.

बारा वर्षांपूर्वी माझी अशीच मोपेड दुरुस्त करताना याच काकांनी, "ताई, वायर धरा जरा," म्हणत पेडल मारलं होतं. झटका खांद्यापर्यंत गेला. मी किंचाळले आणि सगळं गॅरेज पोट धरून हसलं. त्याच आठवड्यात मी प्लग बदलायला शिकले.

ठिणगी पडायला प्लगच्या दोन टोकांत थोडं अंतर लागतं. रागाचंही तसंच असावं. त्या दिवशी मी नुसतीच रडले. पेटले ती नंतर, गॅरेजवरून मान खाली घालून जाताना, दर वेळी.

मी नवी वायर जोडली. प्लग बसवण्याआधी करंट येतोय का, ते बघायचं होतं. समोरच्या टपरीवरची माणसं चहा पीत आमच्याकडेच बघत होती.

"काका, वायर धरा जरा," मी म्हणाले आणि पेडलवर पाय ठेवला.

काकांनी वायरच्या उघड्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना आठवलं. पण चार माणसांत नाही कसं म्हणणार? त्यांनी टोक धरलं.

मी पेडल मारलं नाही. मारणार नाही, असंही सांगितलं नाही.