कय्यूमभाऊची कॅसेट

घुग्घुसचा कय्यूमभाऊ टीव्ही दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव होता टीव्हीला जोडून चालवायच्या एका जुन्या कॉम्प्युटरात. त्याचे प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर असत. २००३ साली असल्या कॅसेटी ठेवतो कोण? म्हणून हा येडा गडचिरोलीतल्या भंगारवाल्यांकडे फिरायचा आणि मलाही फरफटत न्यायचा.

त्या दुपारी आलापल्लीहून परतताना नाक्यावर पोलिसांनी एसटी थांबवली. कय्यूमच्या पिशवीत कॉम्प्युटर आणि दोन कॅसेटी निघाल्या. हवालदाराने एक चौकीतल्या टेपवर लावली. कर्कश किंकाळी सुरू झाली, ती थांबेचना.

"हा कोणता कोड आहे बे? जंगलात कोणत्या नक्षल्याले नेऊन देऊन राह्यला?"

"साहेब, गेम आहे. टेपवर लावला की असाच किंचाळतो. तुमच्या टीव्हीवर दाखवतो."

एसटी आम्हाला सोडून निघून गेली. कय्यूमने तिथल्याच टीव्हीला आणि टेपला कॉम्प्युटरच्या वायरी जोडल्या. आवाज जरा कमीजास्त झाला तरी प्रोग्राम चढत नाही, म्हणून घरच्या टेपच्या बटणावर त्याने बायकोच्या नेलपॉलिशची खूण केली होती. इथे खूण कुठली? पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. बंदूकवाला शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी मनातल्या मनात कय्यूमला शिव्या घातल्या. त्याने बटण केसभर फिरवलं.

पाच मिनिटांनी पडद्यावर चेंडू उडाला. हवालदार खुदकन हसला.

"आता दुसरी लाव."

कय्यूमने माझ्याकडे पाहिलं. दुसरी त्याने सकाळीच भंगारातून उचलली होती. तिथे लाइट नव्हती, म्हणून आम्ही ती ऐकलीच नव्हती.