लक्ष्मीचे डोळे

चिंचणीत डाय, म्हणजे दागिन्यांचे साचे, कोरणाऱ्यांची वाण नाही. पडवीतून टकटक ऐकू आली नाही, तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. पोलादाच्या ठोकळ्यात खोलगट चित्र कोरायचं. सोनाराने त्यावर पत्रा ठेवून दाबला की दागिना उठतो. बळवंतदादा देवांचे चेहरे कोरत. चेहऱ्यात डोळे सर्वांत शेवटी, आणि डोळ्याचा घाव श्वास रोखून, अशी त्यांची रीत. दम्याच्या माणसाने असला धंदा का धरावा, हे विचारण्यात अर्थ नाही. धंदा आधी आला, दमा मागून.

दम्यावर निळा पंप होता. फवारे मारले की छाती मोकळी होई आणि हात थरथरू लागे. म्हणजे श्वास असे तेव्हा हात नसे, आणि हात असे तेव्हा श्वास. या सोयीतून गेल्या वर्षी एक लक्ष्मी जन्माला आली. तिचा एक डोळा मिटल्यासारखा होता.

"दादा, ही देवी डोळा कोणाला मारते रे?" शेजारच्या गोमाने विचारलं. "मला तर नाय ना?"

दादाही हसले. काम देणारा व्यापारी हसला नाही. त्यानंतर त्याच्याकडून कोरायला नुसती पानं आणि वेली येऊ लागल्या. यंदा मात्र त्याने पुन्हा लक्ष्मीचा चेहरा कोरायला पाठवला, आणि हा बिघडला तर पुन्हा पाठवणार नाही, असंही कळवलं. दादांनी सोपा उपाय काढला: काम हातात आहे तोवर पंपाला शिवायचं नाही.

त्यांची बायको विजया दुपारी पडवीत डोकावली, तर दादा ठोकळ्यावर ओणवे, खांदे कानांपाशी, ओठ जांभळे. हात मात्र देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा स्थिर.

"आधी पंप घ्या!"

"डोळे... राहिलेत."

"तुमचे पांढरे व्हायला आलेत, ते बघा आधी!"

तिने पंप त्यांच्या तोंडात कोंबला आणि श्वास ठिकाणावर येताच त्यांना पालघरला नेलं.

डॉक्टर मेघाली वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. विजयाने त्यांना जांभळ्या ओठांपासून अर्धवट देवीपर्यंत सगळं सांगितलं. "तपकिरी पंप दिला होता ना कोणी? रोज घ्यायचा?"

"त्याने काय होतच नाय, म्याडम. निळा मारला की लगेच कळतं तरी. आनि त्या तपकिरीने जीभ पांढरी झाली, तोंड आलं. सोडला मी."

"कधी सोडलात?" हे विजयाने विचारलं. दादांनी भिंतीवरच्या फुफ्फुसांच्या चित्रात लक्ष घातलं.

"घेतल्यावर चूळ भरत होतात?" डॉक्टर म्हणाल्या.

भिंगाखाली केसाएवढी रेघ चुकली तर ठोकळा फेकून देणारा हा माणूस कधीच चूळ भरत नव्हता. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी समजुतीने तो विषय सोडला. मग डॉक्टरांनी पंप मारून दाखवायला सांगितलं. बराचसा फवारा जिभेवरच जात होता. त्यांनी पंपाला लावायची एक प्लॅस्टिकची नळी दिली, तिच्यातून सावकाश ओढायला शिकवलं.

"तपकिरी रोज दोनदा आणि वर चूळ, बरं वाटलं तरी. फरक पडायला काही आठवडे लागतील. आणि ओठ पुन्हा जांभळे झाले, तर निळा पंप घेऊन थेट दवाखाना. देवी थांबेल."

देवी थांबली, व्यापारीही कुरकुरत थांबला. विजया सकाळ-संध्याकाळ चुळीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहू लागली.

"वहिनी, दादाचा मुंजीतला बटू केलास की!" गोमा म्हणाला.

चौथ्या आठवड्यात, निळ्या पंपाला हात न लावता नऊ दिवस गेले असताना, दादांनी ठोकळा पुढे ओढला. भिंग लावलं. श्वास घेतला आणि रोखला. विजया दाराशी होती. लग्नापासून ती या छातीची शिट्टी ऐकत आली होती, जेवताना, झोपेत, भांडतानासुद्धा. आता काहीच ऐकू येत नव्हतं. तिला आधी भीती वाटली. मग छिन्नीवर एकच टक वाजलं. दादांनी श्वास सोडला, पुन्हा घेतला. पुन्हा एक टक.

"बघ गो जरा," ते म्हणाले.

तिने भिंगातून पाहिलं. मोहरीहून बारीक दोन डोळे. कोरलेले पोलादात आत, पण बघत होते बाहेर. ती डावीकडे सरकली, ते डावीकडे आले. उजवीकडे सरकली, तिथेही आले. इतकी वर्षं तिने असल्या ठोकळ्यांवरची धूळ फडक्याने पुसली होती, भांडी पुसावीत तशी.

"कशी हाय?" दादांनी विचारलं.

विजयाने नकळत पदर डोक्यावर घेतला.

"बघते हाय," ती हळूच म्हणाली.