स्वतःच्याच मुलीला दत्तक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुण्याहून निघालो. दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांना दोन लाख सत्तर हजार रुपये पडले. सोडायला मुलगा, सून आणि शेजारचे जोशीकाका होते. काकांनी विचारलं, "काय विशेष?" मी म्हणालो, "भाची मुलगी दत्तक घेतेय. कोर्टात तारीख आहे." ते म्हणाले, "वा, पुण्याचं काम!" कोणाची मुलगी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, तर सांगावं लागलं असतं की तिचीच.

मृणाल माझ्या बहिणीची मुलगी. मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावी मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. सात वर्षांपूर्वी तिने ज्युलीशी रीतसर लग्न केलं. ईरा ज्युलीच्या पोटी झाली, आता दोन वर्षांची आहे. जन्मदाखल्यावर पालक म्हणून दोघींची नावं आहेत. बहिणीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्या वतीने मी आणि माझी बायको सुनंदा.

विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक झाली होती. मृणालच्या सबडिव्हिजनमध्ये (एकसारख्या घरांच्या वसाहतीत) प्रत्येक पायरीवर भोपळे मांडलेले. सुनंदा म्हणाली, "एवढे भोपळे, आणि घारगे कोणी करत नाही!" मला मात्र राहवेना.

"दाखल्यावर तुझं नाव आहे. लग्न झालंय. मग दत्तक कशाला?"

"वकील म्हणाली, सेफ राहा, मामा. दाखला दुसऱ्या स्टेटमध्ये कोणी चॅलेंज करू शकतो. कोर्टाची ऑर्डर सगळीकडे चालते. आणि उद्या मॅरेजचा निकालच फिरला तर? ईरा लीगली माझी कोण?"

दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर अशी लग्नं कायदेशीर केली, तेव्हा मी टीव्हीवर लोकांना आनंदाने रडताना पाहिलं होतं. प्रश्न मिटला, असं वाटलं होतं. इथे आल्यावर कळलं, की लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच, हे कलम मिशिगनच्या राज्यघटनेत अजून तसंच छापलेलं आहे. निकालामुळे ते लागू नाही, इतकंच. कोणी ते खोडलेलं नाही. मिळालेला हक्क असा उशाशी काठी ठेवून सांभाळावा लागत असेल, तर त्याला मिळाला तरी कसं म्हणायचं?

मंगळवारी कोर्टाने नेमलेल्या तपासनीस बाई घरी आल्या. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, औषधांचं कपाट पाहिलं, पाळण्याचे गज हलवून पाहिले. मग मला विचारलं, "मुलीचे तुम्ही कोण?"

"तिच्या आईचा मामा."

"ज्युलीचे मामा?"

"नाही, मृणालचा."

"म्हणजे अर्जदाराचे," त्या म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं. सभ्य होत्या, आवाज चढवला नाही. पण ईरा तेव्हा अर्जदाराच्या मांडीवर बसून अर्जदाराच्या नाकात बोट घालत होती.

बाई निघाल्या तशी सुनंदा आतून ताट घेऊन आली. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला रिकामं कसं पाठवायचं? पदर नव्हता, म्हणून तिने बाईंच्या हातातल्या फाइलवरच ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण आणि वर अकरा डॉलर. बाईंचा चेहरा बदलला. सगळं टेबलावर ठेवत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे मला अहवालात लिहावं लागेल."

दार लागताच मृणाल ओरडली, "मामी! कोर्टाची बाई आहे ती! लाच वाटेल तिला!"

"अकरा डॉलरची लाच कोण देतं गं?" सुनंदा म्हणाली आणि रडायलाच लागली. "माझ्यामुळे पोरीचं काही वाकडं झालं तर?"

ज्युलीने तिला जवळ घेतलं. तिला मराठी जेमतेम येतं, ती इंग्रजीतच बोलली. "मामी, तुम्ही माफी मागू नका. माझ्या बहिणीलाही मूल झालं ते डोनरकडूनच (अनोळखी पुरुषाच्या बीजदानातून). तिच्या नवऱ्याचं त्या मुलाशी रक्ताचं नातं नाही. त्याचा फ्रिज कोणी उघडला?"

मी मनात हिशेब मांडून पाहिला. त्या मुलाशी ज्युलीच्या बहिणीच्या नवऱ्याचं रक्ताचं नातं शून्य. ईराशी मृणालचं शून्य. दोघांचीही लग्नं रीतसर, दोघांचीही नावं दाखल्यावर. फरक एकच, तो पुरुष आहे. माझा संताप तेव्हापासून उतरलेला नाही.

सुनावणीपर्यंत सुनंदा धड जेवली नाही. शुक्रवारी न्यायाधीशांनी अहवाल चाळला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "हा नारळाचा काय प्रकार?" मृणालने सांगितलं. न्यायाधीश हसले. "माझी आजी पोस्टमनला केक खायला घालायची," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली. ईराला कापडी अस्वल दिलं. "अभिनंदन. आजपासून तुम्ही हिच्या आई."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलले गेले नाहीत. आजपासून? मग दोन वर्षं जी रात्री तिला खांद्यावर घेऊन फिरली, ताप मोजत बसली, ती कोण होती?

पुण्याला परतताना विमानात वाटलं, अमेरिकेला बोल लावायला आपलं तोंड तरी कुठे आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी लग्नं मान्य करणं हे संसदेचं काम म्हणून सांगितलं, आणि विषय तिथेच पडून आहे. मृणाल आणि ज्युली उद्या पुण्यात राहायला आल्या, तर कायद्याच्या लेखी त्या दोन मैत्रिणी. तिथे दारावर पहारा आहे, इथे दारच नाही.

आठवड्याने मृणालचा फोन आला. शेवटचं बिल आलं होतं. मी निम्मी रक्कम देऊ केली.

"नको मामा. गिफ्ट असतं तर घेतलं असतं. हा दंड आहे, तो मीच भरणार."

वकीलबाईंना तीन हजार दोनशे आणि कोर्टाला तीनशे डॉलर तिने त्याच दिवशी भरले. ज्युलीच्या बहिणीच्या नवऱ्याने कोणालाच काही भरलेलं नाही.