ओल्या चुन्यावरचे हात

शिडीवरून कोसळला तरी तो म्हातारा माझ्या हातांकडेच बघत होता. छाती धरून काहीतरी पुटपुटला. माझी नात रेवा म्हणाली, "आजी, ॲम्ब्युलन्स येतेय. पण हे आजोबा म्हणतायत, डोन्ट मूव्ह. हात तसेच ठेव."

"त्यांना सांग, मरायला टेकलात, आता कसले हात बघता?"

तिने इंग्रजीत सांगितलं. तो हसला.

आज गावी घराला चुना लागतोय. त्या वासाने वीसेक वर्षांपूर्वीचं, अमेरिकेत लेकाकडे राहायला होते तेव्हाचं, मॉरिसव्हिलचं गॅरेज आठवलं. तो म्हातारा आमचा शेजारी, मूळचा इटलीचा. त्याची आई लोकांच्या भिंतींना चुना लावायची, ते बघून तो शिकला. अमेरिकेत जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. म्हातारपणी गॅरेजच्या भिंतीवर आईचं चित्र काढायला घेतलं. तिचे हात आठवेनात, म्हणून माझ्या हातात कुंचा देऊन बसवलं. गिलावा ओला असेतोवर रंगवायचं, चुकलं तर खोडायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली तरी मी कुंचा धरून बसून राहिले. गिलावा वाळला. चित्रातल्या आईचा उजवा हात कोराच राहिला. मला रडू आलं नाही. तेव्हा त्याचा तो हातांचा हट्ट खूळ वाटला होता. आता माझ्या आईचे हात मलाही आठवत नाहीत.

तो वाटेतच गेला, दवाखान्यात पोचलाच नाही. मी अजून आहे.